पुलावरचं जिवंत नाव

इंग्लंड, नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबा,
नमस्कार. थंडी वाढलीय, पण आईने विणलेला स्वेटर पुरतो.

काल कौन्सिलने इथला पूल गावच्या सैनिकांना अर्पण केला. पाटीवरची नावं पाहून मी सवयीने बूट काढून हात जोडले. शेजारी उभे असलेले एक आजोबा हसले. "त्यात माझंही नाव आहे. अजून जिवंत आहे मी!" मी ओशाळलेच. आपल्याकडे माणूस गेल्यावरच पाटी लागते ना! इथे जिवंतपणी मान देतात, फार आवडलं.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

एकाहत्तरच्या लढाईतून तुम्ही परतलात, पण तुमचं नाव कुठेच लागलं नाही. म्हणून मी ते आजोबांना सांगितलं: सुभेदार कमलाकर शिर्के. त्यांनी काठी सावरून कडक सॅल्यूट ठोकला.

तो सोबत पाठवतेय. गुडघा दुखला तरी उभं राहूनच घ्या.

तुमची,
अनुया