कोपरा दुमडलेलं पान

कोल्हापूर, मंगळवार संध्याकाळ

त्या दुमडलेल्या कोपऱ्याने आज डोकं खाल्लंय. आमच्या वाचनालयात आरोग्यावरची, जुन्या काळच्या माणसांवरची सोपी पुस्तकं सुचवतो मीच. कबनूरच्या सुनंदाताईंना गिरणी कामगारांच्या छातीच्या आजारावरचं दिलं तेही मीच. त्यांचा नवरा यंत्रमागावर कामाला. त्या त्याला रोज वाचून दाखवतात.

आज त्या आल्या, पण पुस्तक परत करायला नाही, अजून आठवडाभर मागायला. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला.

"सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती भरती, असं लिवलंय बघा सर. आमच्या ह्यांचं तसंच हाय की. ते म्हणालं, पुढं वाचू नको. आता रोज पहिल्यापासनं हितपर्यंतच वाचतोय. पुढं काय हुतंय?"

मी शेवटपर्यंत वाचलंय, पुढे आजार वाढतच जातो. तरी एवढंच म्हणालो, "आधी डॉक्टरांना दाखवा."

सोपं म्हणून दिलं होतं ना? मग त्यांना समजलं, तर मला का घाबरायला झालं?

मुदत वाढवून दिली. कोपरा सरळ करायला माझा हात गेला, तसं त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. आता वाचत असतील. त्या कोपऱ्यापर्यंत. मग परत पहिलं पान.