नाल्याकडचा बाण

९ फेब्रुवारी
खडकावरचा चौथा बाण कोणीतरी फिरवला आहे.

आज गोंदियाचे पाच पाहुणे होते माझ्यासोबत. गेटपासून तलावाची पाळ, तिथून पहाडी, मग तो सपाट काळा खडक. खडकावरून वाट नाल्यात उतरते. त्या बाजूचा बाण दिवाळीनंतर मी आणि इथले जुने गाईड देवराम भाऊ, आम्हीच एका सुट्या दगडावर रंगवला होता. आज तो डावीकडे, सरळ तलावाकडे. माहीत असल्यासारखी मीही डावीकडे वळले. पाहुण्यांना काही कळलं नाही, उलट वाट लवकर संपली म्हणून खूश. खडक आत्ताच तापायला लागलाय.

परतल्यावर भाऊंना विचारलं.
"अस्वलानं पलटवला असन. गोट्याखाली मुंग्या शोधते ते."
अस्वल दगड उलटवतं, खरं आहे. पण बाण वर येईल असा नीट बसवून ठेवत नाही.

११ फेब्रु.
सकाळी एकटी जाऊन बाण जागेवर केला. बांबू घालून रेटावा लागला, इतका जड. कडेने कोळशाची रेघ ओढून ठेवली.

देवराम भाऊंबद्दल असा संशय कधी मनात आला नव्हता. गाईडच्या कामाला लागले तेव्हा जंगलातलं मला काही येत नव्हतं. बाई म्हणून मी एकटी. ठसा कसा वाचायचा, कुठे थांबायचं, कुठे बोलायचं नाही, सगळं त्यांनी शिकवलं. पण तरुणपणी ते जनावरांना फासे लावायचे आणि एकदा पकडलेही गेले होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी विसरले होते. आज आठवलं.

१२ फेब्रु.
पुन्हा फिरला. रेघेपासून हातभर. काल पाहुणे नव्हते. गेटच्या चाव्या दोनच, एक माझ्याकडे, एक भाऊंकडे.

१५ फेब्रु., रवि.
नागपूरचे कॅमेरावाले सर पुन्हा आले. महिन्यात तिसऱ्यांदा. पळसावर हळद्या पक्षी अगदी समोर बसला होता, तरी कॅमेरा उचलला नाही. मला म्हणाले, "ताई, या भागात मोठी वारुळं कुठे आहेत हो?"
वारुळं बघायला नागपूरहून कोण येतं?
"सगळीकडंच हायेत जी," भाऊ मध्येच म्हणाले.

दुपारी टपरीवर दोघं चहा पीत होते. हसणं लांबून ऐकू येत होतं. मी जवळ गेल्यावर थांबलं. मग भाऊंना बाजूला विचारलं.
"काय बोलून राहिले होते जी?"
"काही नाई. त्याईच्या पोरीचं लगन हाय म्हने."

१८ फेब्रु.
भाऊंची सुट्टी. तरी दोन वाजता, भर उन्हात, काठी घेऊन पहाडीकडे निघालेले दिसले. मी मागे गेले. लाज वाटत होती, पण गेले.
खडकाच्या वरच्या कडेने ते दगडादगडांवरून गेले, या वयात बकरीसारखे. मला ते जमेना. मी खालून, नाल्याच्या काठाने. सागाची पानं सगळी खाली आलीत, पाय टाकला की वाजतात. थांबत थांबत गेले.
मोठ्या वारुळामागे बसले होते. पळसाची डहाळी घेऊन जमीन झाडत होते. काहीतरी पुसत होते.
मला बघितलं नाही. नसावं.

१९ फेब्रु.
उजाडताच विहारासमोरून निघाले, कोणी विचारलं नाही. वारुळामागे बीळ आहे. माती ताजी. भाऊंकडून एक ठसा सुटला होता, मागे शेपूट ओढल्याची रेघ. ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवला होता, म्हणून ओळखलं. खवल्या मांजर, वारुळातल्या मुंग्या-वाळवी खाणारं. आपल्या पहाडीवर!
अंगावर काटा आला. वनखात्याचे साहेब तेव्हा म्हणाले होते, असं काही दिसलं तर आधी मला सांगा, दुसऱ्या कोणाला नाही. खवल्यांसाठी मारतात त्याला.

म्हणजे बाण यासाठी फिरवला. लोकांना लांब ठेवायला. पण कशासाठी? जनावर जपायला, की गिऱ्हाईक येईपर्यंत?

मिलिंद राईस मिलवरून आला. नवऱ्याला नाही सांगायचं तर कोणाला? जेवताना सांगितलं.
"साहेबाले सांगून दे. त्या बुढ्यापायी तू कायले अडकतं?"
मग म्हणाला, "कोन्या वारुळाजवळ?"
सांगितलं.

२३ फेब्रु.
चौथ्यांदा जाऊन आले. जनावर दिसत नाही, ते दिवसा निघतच नाही. बीळ आहे. फासा नाही. एवढं बघायलाच जाते.
साहेबांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर भाऊंचं नाव येणार. भाऊंना विचारलं तर पाठलाग केला हे सांगावं लागणार.

२५ फेब्रु.
साहेबांनी दोघांना साकोलीच्या ऑफिसात बोलावलं. कोणीतरी तक्रार केली, नकाशा आणि बाण जुळत नाहीत.
"कोणी फिरवला बाण?"
भाऊ आपल्या पायांकडे बघत राहिले.
"मी फिरवला, सर. नाल्यात अस्वलाचा वावर आहे."
कसं आलं माझ्या तोंडातून, माहीत नाही. साहेब म्हणाले, विचारून करत जा, आणि फाईलकडे वळले. सुटलो.

एसटी स्टँडवर भाऊंनी विचारलं.
"कायले झूट बोलली?"
"तुमी बाण कायले फिरवला?"
मग त्यांनी सांगितलं. बस दोनदा आली न् गेली. तरुण असताना याच पहाडीवरून त्यांनी एक खवल्या खणून दिला होता, बाहेरच्या माणसाला. ओढून काढलं तेव्हा ते गोळा झालं. आत पोटाशी पिल्लू होतं, ते नंतर दिसलं. "मंग मी फासे सोडले. लोक म्हनते, केस झाली म्हून सोडले." यंदा पुन्हा ठसा दिसला. "मी कोनाले नाई सांगतलो. साहेबाले बी नाई. तू?"
"मिलिंदले."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी इतके दिवस त्यांच्याकडे जसं बघत होते ना, तसं.
बसमध्ये ते वेगळ्या सीटवर बसले.

१ मार्च
कॅमेरावाले सर आले. मुकाट्याने बाणाप्रमाणे डावीकडे चालले. मला बरं वाटलं. मग खडकाच्या टोकाला थांबले.
"ताई, नाल्याच्या काठाने ती नवी वाट कुठे जाते?"
नवी वाट?
बघितलं. पाचोळ्यात सरळ पट्टा पडलाय. पानं चेपून भुगा. मधल्या मऊ मातीत चपलेची नक्षी. भाऊ तर वरून दगडांवरून जातात, त्यांचं पाऊल उठत नाही.
माझी चप्पल. माझी वाट.
"गुराढोरांची आहे," म्हटलं. सरांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. पहिल्यांदाच कॅमेरा डोळ्याला लावला. काय टिपलं?

संध्याकाळी भाऊंना सांगितलं. दोघांनी मिळून त्या वाटेवर पाला पसरला, टोकापर्यंत. पसरलेला पाला पसरलेलाच दिसतो.

३ मार्च
खणलंय.
वारूळ एका बाजूने फोडलेलं, बीळ आतपर्यंत उकरलेलं. लोखंडी सब्बलीच्या खुणा. रक्त नाही, खवला नाही, काही नाही. भाऊ गुडघ्यावर बसून माती हाताने चाळत राहिले. मी दोनदा हाक मारली तेव्हा उठले.
"निंगून गेलं असन," मी म्हटलं. ही जनावरं बिळं बदलतात, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.
"असन."
दोघांच्याही आवाजात जोर नव्हता.
गेटचं कुलूप शाबूत आहे. पण पहाडीला कुंपण कुठे आहे.

४ मार्च
मिलिंदला सकाळी विचारलं, "कोनाले बोलला का तू?"
"मी कोनाले बोलू?" पोळी तोडत म्हणाला. मान वर केली नाही. त्याची सवयच आहे ती, जेवताना मान वर न करायची. लग्नापासूनची. तरी आज मी ते बघत बसले.

६ मार्च
साहेबांकडे एकटीच गेले. बीळ, बाण, माझं खोटं बोलणं, माझी वाट, सगळं सांगितलं. भाऊंची जुनी गोष्ट नाही सांगितली, ती माझी नाही. साहेब ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. माणसं पाठवून पहाडी बघून घेतो म्हणाले. बयानाचा कागद दिला, घरी शांतपणे लिहा, सोमवारी आणा.
कागदाच्या शेवटी रकाना आहे. कोणावर संशय असल्यास नाव.
सरांचं लिहू? त्यांनी वारुळं विचारली, वाट विचारली, एवढंच. भाऊंचं? मातीत बसलेले भाऊ मी बघितलेत. बघितलेत म्हणून काय झालं, असंही आतून येतं. अशी मी नव्हते.
बाकी सगळं लिहून काढलं. रकाना तसाच ठेवला. कागद घडी करून ट्रंकेत, कपड्यांच्या खाली.

७ मार्च
भाऊंनी आज निरोप दिला, नाल्याच्या पल्याड, खडकात, नवी माती दिसून राहिली. ससा असेल, साळिंदर असेल. मी बघायला जाणार नाही, असं कळवलं. त्यांनाही जाऊ नका म्हटलं.

संध्याकाळी चहा देत होते. मिलिंद खाटेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. एकदम मान वर करून म्हणाला,
"त्या कागदावर माहं नाव लिहिलं का?"

कागदाबद्दल मी त्याला काही बोलले नव्हते.

"नाही," म्हटलं. अजून तरी लिहिलेलं नाही. त्याने चहा घेतला, आणि पहिल्यांदा मीच मान खाली घातली.