न खेळता पुढे

कल्याण, शके १८१८, पौष व. ४
तळ्याकाठच्या देवळात बुद्धिबळाच्या सामन्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझी जोडी ठाण्याच्या कचेरीतल्या गोडबोल्यांशी. नियम मीच वाचून दाखवले. पडलेली जोडी बदलायची नाही. दिवेलागणीपर्यंत जो येणार नाही, त्याचा प्रतिस्पर्धी न खेळता पुढे. माघार घ्यायची तर निरोप धाडून नव्हे, पटासमोर येऊन आपल्या हाताने राजा आडवा करायचा. माझा शाळासोबती विष्णू मागून माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पंतोजी गेले, जाताना छडी सख्याकडे ठेवून गेले." मंडळी हसली.
गाठीच्या तापाची साथ मुंबईहून इकडे सरकते आहे म्हणतात. स्टेशनावर डॉक्टर उतारूंच्या काखा चाचपतो.

पौष व. ७
गोडबोले आले नाहीत. दिवेलागणीपर्यंत रिकाम्या पाटासमोर. मी पुढे.

पौष व. ११
दुसऱ्या फेरीत सोनारआळीचा दामू. तोही नाही. घराला कुलूप, बैलगाडीच्या चाकोऱ्या दारातून निघालेल्या. निसटला, बरे झाले. गोडबोले मात्र गेले. आज कळले. एक प्यादेही न हलवता मी पुढे, पुढे...
देवळात माझ्याशेजारी कुणी टेकत नाही. आपली चिठ्ठी माझ्याबरोबर निघू नये म्हणून एकाने देवाला नारळ कबूल केला म्हणे.

पौष अमावास्या
बाकीचे पांगले. उरलो विष्णू आणि मी. निवडायला काही नव्हते, तरी पुजाऱ्याने चिठ्ठ्या काढल्या.
वि.ची सून मुले घेऊन मुरबाडला गेली, हा मागे राहिला. शाळेपासून त्याने मला एकदाही हरवलेले नाही. तेव्हा पाटीवर घरे आखून चिंचोक्यांनी खेळायचो. पंतोजी श्लोक म्हणायला उभे करीत. वि. दुसरा चरण हटकून विसरे, मी मागून हळूच पुरवी. ती दुपार, ते तळे, चिंचेची सावली. आता त्याच चिंचेखाली तिरड्या बांधून ठेवल्या आहेत.

माघ शु. १
वि.च्या शेजारच्या गोदाकाकू दारात आल्या. आत येईनात. "भाऊजी, विष्णुभाऊजींच्या न्हाणीत उंदीर पडला. त्यांनी राखेखाली झाकला, मी पाहिलं. तुमचं ऐकतील."
उंदीर पडला की घर सोडायचे, हे आता पोरांनाही ठाऊक. तसाच गेलो. ओटीवर सोंगट्या पुसत बसला होता. म्हटले, मी माघार घेतो, तू आजच मुरबाडची वाट धर.
"तू राजा आडवा कर, मी तो उभा करीन. न खेळता जिंकायचं नाही मला."

माघ शु. २
खेळलो. लवकर हरावे म्हणून वजीर उघडा टाकला. त्याने बोटाने मागे सारला. "परत घे. इतकी वर्षं हरवताना बरी नाही आली दया." बोट माझ्या हाताला लागले. चटका बसावा असे. म्हटले, ऊठ, वैद्यांकडे चल. म्हणाला, डाव झाल्यावर.
मग नीट खेळलो. कधी नव्हे इतका सुरेख खेळत होता. मध्येच त्याने शाळेतला श्लोक धरला. दुसऱ्या चरणाशी मी सवयीने तोंड उघडले, पण तो थांबलाच नाही. डोळे मिटून चारी चरण न अडखळता. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा.
दिवे लागले. डाव तसाच ठेवून पटावर पंचा टाकला. त्याचे प्यादे माझ्या राजाच्या दारात उभे. एक घर पुढे केले की प्याद्याने मात, सगळ्यांत मानाची. त्यालाही दिसले असणार. जाताना पायरीवर जरा बसला होता.

माघ शु. ३
पटाशीच लिहितो आहे. पंचा सकाळीच काढला. खेळी त्याची.
गोदाकाकूंकडे विचारायला कुणाला धाडावे म्हणतो, पण नको.
ऊन तळ्यापलीकडे गेले. वाटेवर कुणी नाही.
नियमाप्रमाणे आता थोड्याच वेळात मी...
पुजारी वाती घेऊन आला. म्हटले, जरा थांबा. अजून पटावरचे दिसते आहे.