आईचं भाषण आणि सैल कोडेक

तीर्थस्वरूप ताईला धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, त्यामुळे तूर्तास अर्धाच घातलाय. उरलेला भेटीत.) तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? भाऊजींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतल्याचं कळलं. पाय लवकर बरा होवो अशी इच्छा होतीच, आता पोटही शाबूत राहो एवढं त्यात मिळवतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत. परवापर्यंत मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तेच सांगायला बसलोय.

आईच्या सत्काराला येता आलं नाही म्हणून तू फोनवर रडलीस, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो की सगळं नव्या कॅमेऱ्यात घेतो आणि झकास फिल्म करून पाठवतो. घेतलं, ताई, छान घेतलं. रुग्णालयाच्या सभागृहात अगदी पुढे स्टँड लावून उभा होतो. नर्स म्हणून जन्मभर वॉर्डात ‘गोळी घेतली का’ आणि घरात ‘हात धुतले का’ यापलीकडे भाषण न केलेली आपली आई माइक हातात आल्यावर अशी काही सुटली की सांगायची सोय नाही! आपले बाबा तिला पहिल्यांदा भेटले ते अंगठ्याला टाके घालून घ्यायला, आणि सुई बघून आडवे झाले, हे तुला ठाऊक होतं? मला नव्हतं. जुन्या नर्सबाया हसून हसून डोळे पुसत होत्या. घरी आल्यावर म्हटलं, आई, ते परत एकदा सांग ना. ‘मी काय पोपट आहे?’ म्हणाली, आणि विषय संपला. तेव्हा जे काही होतं ते त्या कॅमेऱ्यातच होतं, हे ध्यानात ठेव.

त्याच संध्याकाळी फायली लॅपटॉपवर उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी कापाकापीला बसलो. (तीस वर्षं लोकांचं कापड कापतोय, फिल्म काय अवघड, असा माझा तोरा.) तर पडद्यावर आई अडखळायला लागली. आवाज बाबांच्या अंगठ्यापर्यंत पोचलेला आणि ओठ अजून नमस्कारावरच. शेवटी दुकानाशेजारच्या फोटोग्राफरला, ज्याला सगळे फोकस म्हणतात, बोलावलं. त्याने ऐटीत सांगितलं की कॅमेऱ्याचं कोडेक एच दोनशे चौसष्ट आहे. मला वाटलं बसचा नंबर सांगतोय. कोडेक म्हणजे, ताई, चित्र घडी घालून भरायची पद्धत. कॅमेरा हुशार असतो, तो एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्यांत फक्त काय हललं तेवढंच लिहितो. (आपली आई बोलताना फक्त ओठ आणि एक बोट हलवते, म्हणजे कॅमेऱ्याला आरामच.) जागा वाचते, पण कापायला घेतलं की लॅपटॉपला दरवेळी मागचं सगळं उलगडून हिशोब लावावा लागतो आणि त्याला धाप लागते. म्हणून आधी सैल कोडेकमध्ये रूपांतर करायचं, ज्यात प्रत्येक चित्र पूर्ण असतं. फाईल फुगते, पण कापाकापी सुरळीत होते. आणि शेवटी पाठवायच्या वेळी पुन्हा घट्ट घडी. मला लगेच पटलं. आम्हीही टाके सैल कपड्यावर घालतो, इस्त्री आणि घडी शेवटी.

फोकसने आणखीही एक गोष्ट निक्षून सांगितली होती, पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक ब्लाउज तंग झाल्याची तक्रार घेऊन आलं (ब्लाउज तोच होता, बाई वाढल्या होत्या, पण हे सांगायचं कसं?) आणि ते नीट ऐकायचं राहिलं. मी रूपांतर सुरू केलं. समोर रकान्यांची जत्रा. त्यात ‘आवाज’ असा एक चौकोन दिसला. म्हटलं, शर्टाबरोबर बाह्या येतातच, वेगळ्या कशाला मागायच्या, आणि तेवढीच जागा वाचेल म्हणून खूण काढून टाकली. रूपांतर झालं. डिस्क काठोकाठ भरली. मग मूळ फायली पुसल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. शिवून झालं की चिंध्या झाडायच्या, ही हाताची सवय. मूळ फाईल कधीही पुसू नका, हीच ती फोकसची निक्षून सांगितलेली गोष्ट होती, हे मला नंतर कळलं.

मग फिल्म लावली. चित्र काय सुंदर, अजिबात अडखळत नव्हतं. आई बोलत होती, बोट हलवत होती, बाया हसत होत्या, आणि आवाज नावाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्यासमोर इतका वेळ गप्प होती आणि मला रडू येत होतं.

तरी मनात म्हटलं, कॅमेऱ्यातलं कार्ड आहे ना! कॅमेरा उघडला तर खाच रिकामी. बटणांचे डबे पालथे घातले, मशीनखाली लोळलो (कंबर तिथेच धरली), गिऱ्हाइकांच्या पँटींचे खिसेसुद्धा उलटे केले. आईने विचारलं काय हरवलंय. खरं सांगायची छाती होईना. बटण हरवलंय म्हटलं. ती बिचारी टॉर्च घेऊन माझ्याबरोबर बटण शोधत फिरली. दोन दिवस! तुझा फोन आला की मी मुद्दाम मशीन चालवायचो, गडबडीत आहे असं वाटावं म्हणून.

शेवटी परवा, जेवताना, सगळं सांगून टाकलं. आई शांतपणे उठली, चष्म्याचं घर उघडलं आणि पुसायच्या फडक्याखालून कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं. कार्यक्रमाच्या दिवशीच, मी फायली उतरवून उठल्यावर, तिने ते काढून घेतलं होतं. ‘नवी चप्पल आली की जुनी रस्त्यात टाकून येणारा तू. तुझ्याकडे ठेवते की काय!’ मी तिला उष्ट्या हातानेच मिठी मारली. ‘आधी हात धू,’ म्हणाली. ताई, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माझ्यावर चिडलेल्या बायकोनेही दोन दिवसांत पहिल्यांदा मला धड जेवू घातलं. मग सगळं नीट केलं, मूळ दोन जागी ठेवून, आवाजासकट, फोकसला शेजारी बसवून. फिल्म सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. भाऊजींना नमस्कार, आणि त्यांनी मीठ जरा जपून टाकावं.

तुझा,
धाकटा

ता. क. फिल्म शेवटी जरा अचानक संपते, ती माझ्या हाताची चूक नाही. कुणीतरी विचारलं, बाई, आता काय करायचं राहिलंय? तर आई म्हणाली, लेकीकडे एकदा महिनाभर राहायचंय, पण तिने बोलवायला हवं ना. घरी आल्यावर मला म्हणाली, तेवढं काप, तिला आधीच पायाचं दुखणं. मी कापलं. तेव्हा माझं नाव न घेता, आपणहून सुचल्यासारखं, तू तिला बोलाव.

ता. क. २ पाकीट चिकटवायला घेतलं तर आत पेनड्राइव्हशेजारी कार्ड! कागदात गुंडाळून आईनेच ठेवलंय. त्यात काहीच कापलेलं नाही, ते लेकीचं वाक्यसुद्धा. मी बघितलं असं तिला कळू दिलं नाही. आज सकाळी तिने प्रवासाची बॅग माझ्या मशीनवर आणून टाकली, चेन अडकते म्हणाली. मी नवी बसवून दिलीय.