बिनतोंडाचं जनावर

४ मार्च
कॅन्टीनमधनं घरी यायला उशीर. चिकलठाण्यात नव्या बिल्डिंगी चढत्यात, आमच्या गल्लीत टँकरपुढं हाणामारी. दोन हंडे मिळाले.
रूपी भिंतीकडं तोंड करून बोलत बसलेली. बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा आलीय, समुद्रातल्या स्पंजावर. "क... क... क..." मी म्हणलं, "कॉलर पेशी! म्हण की पटकन." ऐकून ऐकून मलाच पाठ झालंय. पोरीनं वही मिटली. जेवली नाय.

५ मार्च
कॉलेजातल्या मॅडम तिला म्हणाल्या, तू अडखळतेस, परीक्षेला बाहेरचे सर येतील त्यांना उत्तरं लिहून दे. मला बरं वाटलं. लिही नि मोकळी हो.
रूपी म्हणती, "आई, मला मास्तरीण व्हायचंय. वर्गात पोरांना काय चिठ्ठ्या वाटू?"


१० मार्च
करमाडला दादाकडं गेले. रूपीच्या कॉलेजात बरणीत एकच स्पंज, हात लावू देत नाहीत. दादाच्या शेताच्या कुपाटीवर घोसाळी वाळलेली, यंदा वेल पाण्यावाचून लवकर गेला. अंग घासायचा स्पंज तो हाच की. सोलून, बिया झाडून एक रूपीसाठी पिशवीत टाकलं.
दादा म्हणतो, "कॉलेजात पोरींना आंघोळ घालत्यात का गं?"
घरी आले तर रूपी हसून हसून खाली बसली. "आई, ही भाजी हाय. स्पंज जनावर असतंय."
"चालतं?"
"मोठं झालं की एका जागी."
"ओरडतं? दात?"
"तोंडच नाय त्याला."
आम्ही मेंढरू घेताना आधी दात बघतो. याचं वय कसं ओळखत्यात, देव जाणे.

११ मार्च
घोसाळं वाया गेलं नाय. रूपीनं परातीत उभं धरून मला शिकवलं. अंगभर बारीक भोकं, तिथनं पाणी आत. आत त्या कॉलर पेशी, एकेकीला शेपटी. शेपट्या हलवून पाणी ओढायचं, खाणं गाळून घ्यायचं. उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातनं बाहेर.
मी म्हणलं, "म्हणजे ढुंगण डोक्यावर."
"आई!"
काळीज नाय, पोट नाय, मेंदू नाय. आत बारीक काट्यांचा सांगाडा, काहींचा काचेचा. जिता स्पंज कापडातनं दाबून गाळला तरी मरत नाय. चुरा पाण्यात सरकत सरकत परत एकमेकाला चिकटतो. कोण चिकटतं, ते सांगताना अडकली. "प... पे..." शब्द माझ्या जिभेवर. परातीचा काठ घट्ट धरला.
"पेशी." तिनंच म्हणलं. लई वेळ लागला, पण तिनंच.
मग हळूच म्हणाली, "अशीच थांबत जा ना. शब्द माझा असतो, तू घेतेस."
परातीतल्या पाण्यात भांडी विसळली. 

१५ मार्च
आज भाकरी करपली. तिचं वाक्य संपेस्तोवर तव्याकडं गेले नाय. तिचे पप्पा म्हणाले, "कोळसा खाऊ का?"
म्हणलं, खा.

१९ मार्च
परीक्षा झाली. अर्धा दिवस सुट्टी टाकून फाटकापाशी उभी होते. बाकीच्या पोरी आत गेल्या की लगेच बाहेर. रूपी येईचना. वॉचमन म्हणाला, "मावशी, सावलीत बसा." त्याच्यावर उगाच खेकसले.
आली तेव्हा ओढणी घामानं ओली. सरांनी कागद पुढं केला होता, लिही म्हणाले. ही म्हणाली, बोलते सर. सगळं सांगितलं म्हणे. एका जागी अडकली तर सरांनीच पुढचा शब्द म्हणला. माझ्यासारखेच.
"मग?"
"मी म्हणलं, स... सर, मी सांगते."
"आगं बाई! रागावले?"
"काय माहीत. हातातला पेन खाली ठेवला त्यांनी."
मार्क द्यायचे नव्हते म्हणून ठेवला, का ऐकायचं होतं म्हणून? बसमध्ये दोघी हेच एकमेकीला विचारत होतो. आता ती झोपली, मी अजून विचारतेय.