शर्यती सोडल्या असं मी म्हणणार नाही

नाना, परवा धाकटा आला होता जालन्याला. मी बियाण्यांच्या ऑफिसातून घरी पोचले तर हा जिन्यात बसलेला, मांडीवर मेथीची जुडी आणि पिशवीत ज्वारीचं पीठ. तुमचा लेक पीठ घेऊन आला की समजायचं, याला काहीतरी मागायचंय. चहा झाला, हसनाबादच्या पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि मग कपाकडे बघत म्हणाला, "अक्का, रागवू नको. पोराचं लगीन कुठंच जमून न्हाई राह्यलं. गुरुजीला इचारलं. ते म्हन्ले, तुमच्या वडलाची इच्छा राह्यलीय. दहाव्याला कावळा शिवला न्हाई, तिथंच सगळं अडकलंय." मी म्हटलं, मग? तर म्हणतो, "तू एकदा गंगेवर चल. पिंड ठिवू. मोटारसायकलच्या शर्यती बघायला जानं सोडलं, एवढं म्हन. बस. तुझं काय जातंय त्याच्यात?"

मी नाही म्हटलं. शेती करणाऱ्या पोराला आज कोणी मुलगी देत नाही, अख्ख्या तालुक्यात हीच रड आहे. मग काय सगळ्यांच्याच आत्या शर्यती बघत फिरतात? तो न जेवता गेला. मेथी मी एकटीनेच निवडली, आणि निवडता निवडता तुमच्याशीच भांडायला लागले. म्हटलं, धाकट्याशी काय बोलायचं, जे काय आहे ते तुमच्या-माझ्यात आहे.

मुळात हे वेड आलं कुठून, सांगा ना. तुम्हाला शंकरपटाचा नाद. बैलजोड्यांची शर्यत कुठे लागलीय असं कानावर आलं की भोकरदन म्हणू नका, सिल्लोड म्हणू नका, तुम्ही निघालात. आई पहाटे दशम्या करायची, मी त्या फडक्यात बांधायचे, वर ठेचा. घरची जोडी काही पटाची नव्हती, तुम्ही नुसते बघायला जायचात. परत आलात की ओट्यावर बसून अख्खा पट सांगायचात. कुठली जोडी सुटतानाच बुजली, कुठली शेवटी खेचून गेली, हाकणारा कसा जवळजवळ लोंबकळत होता. मी चुलीपुढे बसून ऐकायचे आणि माझी भाकरी करपायची. एकदा मी गपचूप टेम्पोत जाऊन बसले. तुम्ही दंडाला धरून खाली उतरवलं. "पोरीच्या जातीनं पटात काय बघायचं? चल, घरी हो." सगळा टेम्पो हसला. माझ्या जागेवर धाकट्याला बसवलं, आणि तो बैलं बघून असा रडला की फायनलच्या आधीच तुम्हाला त्याला घेऊन माघारी यावं लागलं. मला तेव्हा जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. ओसरू देणारही नाही.

मग नोकरी लागली, आणि ऑफिसच्या प्रदर्शनासाठी नाशिकला गेले. दुपारी मंडपामागच्या मैदानातून आवाज यायला लागला, म्हणून बघायला गेले. मातीचे उंचवटे, भोवती बांबूचं कुंपण, पाण्याचा टँकर. पोरं हेल्मेट घालून ओळीत उभी आहेत. गाड्या जागच्या जागी गुरगुरताहेत. पुढची लोखंडी दांडी धाडकन पडते आणि सगळ्या गाड्या एकदम सुटतात. पहिल्याच वळणावर दोघं पडतात, मागचा त्यांना चुकवून जातो, पुढच्या उंचवट्यावरून गाडी सरळ हवेत. माझ्या तोंडात, डोळ्यात, अंबाड्यात माती. मी कधी ओरडायला लागले मला कळलंच नाही. नाना, तो पटच होता. तुम्ही ओट्यावरून सांगायचात तो अख्खा पट माझ्यासमोर होता, आणि मला खाली उतरवायला तिथे कोणी नव्हतं.

त्यानंतर मी थांबले नाही. पुणे झालं, कोल्हापूर झालं, पार कोइमतूरला जाऊन आले. तिकडे डांबरी ट्रॅक, वळणावर पोरं इतकी कलंडतात की गुडघा रस्त्याला घासतो. तिथे एका बाईनं खुणेनं मला तिच्या छत्रीत घेतलं, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण दिवसभर आम्ही एकाच गाडीसाठी ओरडलो. रेल्वेत दोन रात्री अवघडून कंबर धरली. काही बिघडलं नाही. गेटवर मात्र सगळीकडे एकच प्रश्न, "मावशी, किती नंबरच्या पोराची आई तुम्ही?" कोणाचीच नाही, तिकीट काढून आलेय, असं म्हटलं की माणूस आधी मागे बघतो, माझ्याबरोबर कोण आहे ते शोधायला.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस बोलला नाहीत. लग्न न केलेली लेक, त्यात हे. पण शेवटच्या वर्षी औषधपाण्यासाठी माझ्याकडे राहिलात, ते आठवतं ना? मी पुण्याहून आले, बॅग टाकली आणि तशीच भाकरी करायला घेतली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसलात. मग विचारलंत, "पडला तर?"

"उठतो. पळत जाऊन गाडी उभी करतो आन् परत निघतो."

"मागच्याच्या खाली आला मंग?"

"झेंडा दावतात. मागचे सावध होतात."

"आन् पयला आला त्यानं काय डोकं लावलं व्हतं?"

मग मी भाकऱ्या थापत थापत अख्खी शर्यत सांगितली. तुम्ही मधेच थांबवायचात, "वळन परत सांग." मी परत सांगायचे. शेवटी म्हणालात, "हाकनारा बराबर हाय मंग." तेव्हा इच्छा राहिली असेल तर दुसरी कुठली तरी राहिली असेल. मी शर्यती सोडाव्यात ही तुमची इच्छा होती, हे मला कोणी सांगू नये. मी ऐकून घेणार नाही.

पण दहाव्याला हे सगळं कोण ऐकणार होतं? घनसावंगीच्या अंगाला गंगेवर घाटात त्या दिवशी आपल्यासारखी किती घरं होती. ओळीनं पिंड मांडलेले. कावळे सकाळपासून खाऊन कठड्यावर सुस्त बसलेले. आपला पिंड तसाच. धाकट्यानं आईला सांभाळीन म्हणून शब्द दिला, काकांनी बांधावरून भांडणार नाही म्हणून दिला. कावळा हलेना. तेव्हा आत्या माझ्याकडे वळल्या. "हिनं बोलावं. हिच्या भटकन्याचाच घोर व्हता माझ्या भावाला. म्हन बाई, सोडल्या म्हन!" सगळा घाट माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी हात जोडून उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. ऊन चढलं, लोकांचे पाय भाजायला लागले, तरी उघडलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली. तेव्हापासून घरात काहीही अडलं की बोट माझ्याकडे. विहिरीला पाणी लागलं नाही, माझ्यामुळे. आता पोराचं लग्न, तेही माझ्यामुळे.

कावळ्यांची पोटं भरली होती, मी काय करू? असं मी सगळ्यांना ठासून सांगत आलेय. परवा धाकट्यालाही तेच सांगितलं. येत्या रविवारी कोल्हापूरला शर्यत आहे, तिकीट काढलंय, तेही सांगितलं.

हे पत्र कुठे टाकणार, पाठवायचं नाहीच, म्हणून एक लिहून टाकते. कावळ्यांच्या पोटाचं मला स्वतःला अर्धंच पटतं. त्या दिवशी घाटावर सगळे रडत होते, नाना अडकले म्हणून. माझ्या मनात एकच आलं, अडकले म्हणजे गेले नाहीत. मी आतून खूश होते, नाना. परवा धाकटा समोर बसून विनवत होता तेव्हाही माझ्या डोळ्यापुढे तेच होतं. मी गंगेवर जाऊन ते एवढंसं बोलले, आणि कावळा खरंच येऊन शिवला तर? म्हणून नाही म्हटलं मी त्याला.