अपुरा नमुना

ता. ९ मार्च, सोमवार

ती. आई,

नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं जरा रागावून लिहिलंय, तेही नीट पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून लिहायला बसले. दोन्ही पत्रांत तुम्ही एकच विचारलंय, जाताना तो शेवटचं काय म्हणाला. मागच्या वेळी मी शेगडीच्या दुरुस्तीवर पानभर लिहिलं आणि तुमचा प्रश्न गाळला. तुमच्या ते लक्षात आलं नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. आज सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगू द्या, नाहीतर मी पुन्हा शेगडीवर जाईन.

मी बरी आहे. जेवते, झोपते, ऑफिसला जाते. तिथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जसं काही मी आजारी आहे. परवा कपाट आवरताना त्याचे मोजे जोड्या लावून ठेवले. एका मोज्याचा जोडीदार सापडेना, तर अख्खं घर पालथं घातलं. शेवटी धुण्याच्या यंत्रामागे सापडला. मग जोडी लावली आणि कपाट बंद केलं. मला रडू येत नाही, आई. काहीच येत नाही. तुम्हाला हे वाचून राग येईल, पण तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

तुम्ही सगळ्यांना सांगायचात, माझ्या मुलाला पाण्यात पाय आपटायचा पगार मिळतो, आणि सुनेला ते बघायचा. आम्हाला किडेवाला-किडेवाली म्हणायचात. खोटं काहीच नव्हतं त्यात. तो ओढ्यात वरच्या अंगाला उभा राहून पायाने दगड घुसळायचा आणि सुटलेले किडे पाण्याबरोबर वाहत माझ्या जाळीत यायचे. हे तीन मिनिटं करायचं, ना कमी ना जास्त, म्हणजे दरवर्षीची तुलना बरोबर होते. एका हातात जाळी, दुसऱ्यात घड्याळ. वेळ झाली की मी ‘बस’ म्हणायचे. मग सगळं स्पिरिटच्या बरणीत. पुढे ऑफिसात पांढऱ्या ताटलीत ओतून चिमट्याने एकेक वेचायचं.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण किड्यांवरून पाणी कसं आहे ते कळतं. ओढा एकच, पण वर जंगलात झाडांची सावली आहे, पाणी गार, दगडांमध्ये फटी, त्यामुळे तिथे नाना जातींचं बिऱ्हाड असतं. खाली पुलापाशी ऊन थेट पाण्यात पडतं आणि गाळाने दगडांच्या फटी बुजल्यात. कोमट पाण्यात हवाही कमी. तिथे लाल दोऱ्यासारख्या अळ्या आणि गोगलगायी, बस्स. त्या मात्र ढिगाने. त्यांना काहीही चालतं. हल्ली त्या वेचताना मला त्यांचा राग येईनासा झालाय.

या दोन्हींच्या मधे आहे ते वळण. पूर्वी तिथला काठ उघडाबोडका होता. तुमच्या लेकाने ऑफिसच्या मागे लागून तिथे झाडं लावून घेतली आणि वर म्हणाला, सावली पडू दे, वरचे किडे आपोआप खाली येतील. सगळे हसले, मीही हसले. झाडं मोठी झाली, पण दरवर्षी ताटलीत पुलापाशी असतं तेच. यंदा वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की वळणापाशी जिवंत असं काही आहे का, नसेल तर झाडं काढून दोन्ही काठ काँक्रीटने बांधून टाकतो. म्हणून तो गेला त्या दिवशी आम्ही आधी वळणावर गेलो.

त्या दिवशीची बरणी शेल्फवर होती. मधल्या गडबडीत ती भरली कुणी हेच मला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरदादांनी भरली होती. त्याला पाण्यातून काढून गाडीत घालून झाल्यावर ते माझ्या हातातली जाळी सोडवायला परत आले, माझी बोटं काही सुटत नव्हती. सोडवल्यावर त्यांनी जाळी बरणीत रिकामी केली आणि आत ठिकाण, तारीख आणि ‘तीन मिनिटं पुरी नाहीत’ असं लिहिलेली चिठ्ठीही टाकली. ‘साहेबांचं काम वाया जायला नको’, असं ते नंतर म्हणाले. मी रोज त्या शेल्फसमोरून जायचे आणि दुसरी बरणी उचलायचे.

गेल्या आठवड्यात ती उघडली. गाळ, काड्या, त्याच लाल अळ्या. मग पानाच्या तुकड्याखाली एक चपटा, पिवळसर, दोन शेपट्यांचा किडा. हा फक्त गार, वाहत्या, सावलीच्या पाण्यात राहतो. आम्ही तो फक्त वर जंगलात पाहिला होता. पुढे आणखी दोन निघाले. मी चिमटा खाली ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ‘अरे, हे बघ’ म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

आमच्या साहेबांनी भिंगातून पाहिलं, खूश झाले, मग चिठ्ठी वाचून भिंग खाली ठेवलं. तीन मिनिटं पुरी झाली नव्हती. अपुरा नमुना धरता येत नाही. त्यांना बोल लावू नका, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पाणी आटायच्या आत पुन्हा एकदा, पुरा नमुना घ्यायचा, नाहीतर वळण गेलं.

आता तुमचं उत्तर. पाण्यात उतरल्या उतरल्या तो म्हणाला, “आज पाणी गार लागतंय गं. मिळतील बघ.” एवढंच. त्यात तुमचं नाव नाही, माझंही नाही. मी घड्याळ लावलं आणि त्याच्याकडे बघत बसले, म्हणजे घड्याळाकडे, ते माझं कामच होतं. मान वर केली तेव्हा तो पाण्यात बसला होता, दगड उचलायला वाकावं तसा. मला वाटलं, याला काहीतरी सापडलं. त्रास झाला का, ते मी पाहिलंच नाही, म्हणून सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, त्रास झाला नसणार, झोपेत असते तरी हेच झालं असतं. मी ते खरं मानते, तुम्हीही माना.

इतकं लहानसं वाक्य तुम्हाला द्यायला मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. मिळाले ना ते.

पुन्हा जायचंय, तेव्हा जाळी ड्रायव्हरदादा धरतील. पाय मी आपटणार. राहिलं घड्याळ. साहेब म्हणाले, ऑफिसातलं कुणीही येईल. मला कुणीही नकोय. तुम्ही या. भाच्याला सांगा, तो गाडीत बसवून देईल. काठावर झाडांखाली खुर्ची मांडते. गुडघ्याचा पट्टा विसरू नका, उतार आहे.

तीन मिनिटं झाली की ‘बस’ म्हणा. मोठ्याने म्हणा, पाण्याचा आवाज फार असतो. तुम्ही म्हणेपर्यंत मी थांबणार नाही.

तुमची,
किडेवाली